चवथीच्या आदल्या रात्री आमचे इंटरनेटचे पत्ते परदेशात गेले: गोव्यात डिचोलीतल्या एका छोट्या आयएसपीचं (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचं) प्रकरण

१८ सप्टेंबर २०२३, सोमवार, चवथीचा आदला दिवस. संध्याकाळी सात दहाला ऑफिसच्या फोनवर पहिली तक्रार आली ती मये गावातून, एका निवृत्त बाईंची, शाळेच्या बाई, आमच्या मालकांनाही त्यांनीच शिकवलेलं. "पुता, युट्युब लागतंय, व्हॉट्सॲप लागतंय, पण बँकेचं ॲप नुसतं गोल फिरत बसतंय. आणि शेजारी तुमचंच नेट आहे, त्यांच्याकडे सगळं नीट. माझ्याकडेच का असं?" मी म्हटलं बाई, राऊटर एकदा बंद करून चालू करा, सगळ्यांना आधी तेच सांगतो आपण. त्यांनी केलं आणि चाललं. मी फोन ठेवला आणि विसरलो.

मग फोन थांबेचनात. पावणेआठपर्यंत साठ-सत्तर झाले असतील. मजा म्हणजे बहुतेकांचं राऊटर रीस्टार्ट केल्यावर ठीक व्हायचं, काहींचं व्हायचं नाही, आणि काहींचं झालेलं परत बिघडायचं. सगळ्यांची तक्रार मात्र बाईंसारखीच, गुगल, युट्युब, फेसबुक चालू आणि बँक, सरकारी साईट, ऑफिसचं व्हीपीएन बंद. बाजारात माटोळीच्या, गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानाची गर्दी, दुकानांत कार्डाच्या मशीन आमच्या वायफायवर, आणि एक भुसारी दुकानदार फोनवर अक्षरशः काकुळतीला आलेला की गिऱ्हाईक रांगेत उभं आहे, काहीतरी करा.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय कारण इंटरनेटची रचना नव्याने कशी करावी, सुरक्षा कशी आणावी यावर मोठमोठी चर्चा वाचायला मिळते, पण तो प्रश्न गावातल्या ऑफिसात रात्री साडेआठला कसा दिसतो हे कोणी लिहीत नाही. मला तो त्या रात्री पहिल्यांदा नीट दिसला.

आधी आम्ही कोण ते सांगतो. डिचोली, साखळी आणि सत्तरीचा थोडा भाग धरून साधारण सहा हजार कनेक्शन. मूळचा केबल टीव्हीचा धंदा, त्यातून फायबरवर आलो. मालकांना आम्ही सगळे बाब म्हणतो. नेटवर्क बघणारे दोघं, मी आणि एक नवा पोरगा, बाकी लाईनवरची माणसं. दोन अपस्ट्रीम, म्हणजे आम्हाला वरून नेट पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्या, आहेत, दोन्हीकडून मुंबईला जातो, एक लाईन सावंतवाडीमार्गे आणि दुसरी चोर्ला घाटातून बेळगावकडून फिरून. पहिल्या अपस्ट्रीमला इथे अ म्हणतो, दुसऱ्याला ब. स्वतःचा एएस नंबर, म्हणजे इंटरनेटवर आमच्या नेटवर्कची ओळख सांगणारा क्रमांक, आहे आणि पत्त्यांचा एक स्लॅश २२, म्हणजे १,०२४ आयपीव्ही४ पत्ते. सहा हजार घरं आणि हजार पत्ते, मग काय करणार, सीजीनॅटची एक पेटी लावलीय जी पाच-सहा घरांना एकच बाहेरचा पत्ता वाटून देते. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता, मात्र प्रत्येक घराला स्वतंत्र दिलंय. हे सगळं लक्षात ठेवा, पुढे प्रत्येक गोष्टीचा संबंध येतो.

पहिला तास आमचा फुकट गेला. आधी वाटलं बँकेचा सर्व्हर, सणाचा लोड. मग पोराने ओएलटीवरच्या, म्हणजे घराघरातली फायबर जिथे येऊन मिळते त्या यंत्रावरच्या, पॉवर लेव्हल बघितल्या, सगळ्या हिरव्या. मग माझा संशय सीजीनॅटवर गेला आणि आठला पाच कमी असताना मी ती पेटी रीस्टार्ट केली. हा निर्णय चुकीचा होता. सहा हजार घरांचं चालू नेट पाच मिनिटं गेलं आणि परत आल्यावर तक्रारी तशाच, फक्त घरं बदलली, आधी ज्यांचं चालत होतं त्यातल्या काहींचं बंद आणि बंद होतं त्यांचं चालू. बाब शेजारी उभे होते, त्यांच्या घरी गणपतीचं मखर अर्धवट, ते काही बोलले नाहीत, पण मला स्वतःलाच कसंतरी झालं.

पण त्यातूनच धागा मिळाला. घरं का बदलली? पेटी रीस्टार्ट झाली की प्रत्येक घराला नवा बाहेरचा पत्ता मिळतो. म्हणजे दोष घरात नाही, पत्त्यात आहे. मी पोराला सांगितलं, आता जो फोन करेल त्याचा बाहेरचा आयपी लिहून घे, बाकी काही विचारू नकोस. दहा मिनिटांत कागदावर चौदा पत्ते, आणि चौदाच्या चौदा आमच्या स्लॅश २२ मधल्या तिसऱ्या स्लॅश २४ चे, म्हणजे २५६ पत्त्यांच्या एकाच तुकड्यातले. चार तुकडे, त्यातला एकच आजारी. राऊटर रीस्टार्ट केल्यावर चारात तीन वेळा माणूस बऱ्या तुकड्यात जाऊन पडत होता म्हणून सगळ्यांना वाटायचं की रीस्टार्टने बरं होतं. आणि युट्युब का चालत होतं? कारण ते आयपीव्ही६ वरून जात होतं. बँका आणि सरकारी साईट अजून बऱ्याचशा आयपीव्ही४ वर आहेत.

पुण्यात एका मित्राचा सर्व्हर आहे, त्याला ट्रेसराऊट मारायला, म्हणजे पॅकेट (डेटाची छोटी पुडी) कुठल्या वाटेने जातं ते बघायला, सांगितलं. पॅकेट मुंबईपर्यंत आलं आणि डिचोलीकडे वळायच्या ऐवजी समुद्रापार निघून गेलं. मग दोन-तीन लुकिंग ग्लास, म्हणजे दुसऱ्या नेटवर्कांना काय दिसतंय ते दाखवणारी पानं, उघडून बघितले आणि तिथे ते स्पष्ट लिहिलेलं होतं, आमचा तिसरा स्लॅश २४, आणि मूळ म्हणून दुसऱ्याच देशातल्या कुठल्याशा नेटवर्कचा एएस नंबर. आमच्या घरांतून जाणारं पॅकेट बँकेपर्यंत नीट पोचत होतं, उत्तर मात्र त्या अनोळखी माणसाकडे जात होतं. मी खरं सांगतो, त्या क्षणी हात गार पडले. आपल्या रॅकमधली एकही वायर तुटलेली नाही, एकही कॉन्फिग बदललेला नाही, आणि आपले पत्ते गेले.

हे होऊ कसं शकतं? इंटरनेट म्हणजे पंचाहत्तर हजारांहून जास्त वेगवेगळी नेटवर्कं, आणि कोणता पत्ता कुठे आहे हे ती एकमेकांना बीजीपी नावाच्या प्रोटोकॉलने सांगतात. बीजीपीत जास्त नेमकं सांगणारा जिंकतो. आम्ही जगाला सांगत होतो की सगळ्या डिचोलीची टपाल आमच्याकडे द्या, आणि तिकडून कोणीतरी म्हणालं की त्यातल्या बोर्ड्याची टपाल माझ्याकडे. पोस्टमन विचारतच नाही की तू बोर्ड्याचा आहेस का, कागद दाखव. शेजारच्या राऊटरने सांगितलं ना, मग खरं, आणि तो पुढच्याला सांगतो.

बीजीपीचा पहिला आराखडा १९८९ च्या जानेवारीत कर्क लोहीड आणि याकोव रेख्टर या अभियंत्यांनी अमेरिकेत ऑस्टिनला एका बैठकीच्या वेळी जेवणाच्या टेबलावर नॅपकिनवर काढला, त्यामुळे त्याला नॅपकिनचा प्रोटोकॉल असंच म्हणतात. तेव्हा एकमेकांना ओळखणारी थोडी माणसं होती, आणि जाळं वाढतंय, ते चालत राहिलं पाहिजे ही तातडीची अडचण होती. मी याला दोष देत नाही. इंटरनेटच्या सुरुवातीच्या रचनाकारांपैकी डेव्हिड क्लार्क यांनी १९८८ मध्ये त्याच्या रचनेमागची उद्दिष्टं क्रमाने लिहून ठेवलीत, त्यात जाळी एकमेकांना जोडणं हे मूळ उद्दिष्ट सोडलं तर काही भाग तुटला तरी बाकीचं चालत राहावं हे सगळ्यात वर आहे, कोणी काय वापरलं याचा हिशेब ठेवता यावा हे सगळ्यात खाली, आणि सुरक्षा त्या यादीत वेगळी लिहिलेलीच नाही. त्या क्रमामुळेच हे जाळं इतकं पसरलं, डिचोलीपर्यंत आलं. आणि त्याच क्रमामुळे त्या रात्री बाईंचं बँकेचं ॲप अडकलं.

असं आधीही झालेलं आहे. २५ एप्रिल १९९७ ला अमेरिकेतल्या एका छोट्या प्रोव्हायडरच्या राऊटरने, एएस ७००७, दुसऱ्यांचे रूट, म्हणजे कोणते पत्ते कुठे आहेत याच्या घोषणा, स्लॅश २४ मध्ये फोडून स्वतःच्या नावाने जगाला सांगितले आणि इंटरनेटचा मोठा भाग कोलमडला. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशात युट्युब बंद करायच्या आदेशापायी एक रूट लावला, तो बाहेर निसटला आणि साधारण दोन तास जगभर युट्युब बंद. तेव्हा युट्युबचाही स्लॅश २२ च होता आणि त्यातला एक स्लॅश २४ गेला होता, अगदी आमच्यासारखं. फरक एवढाच की त्यांच्यासाठी सगळं जग जागं झालं, डिचोलीसाठी कोण होणार. २०१८ च्या एप्रिलमध्ये तर ॲमेझॉनच्या डीएनएसचे, म्हणजे साईटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेचे, पत्ते असेच पळवून क्रिप्टो वॉलेटवाल्यांचे साधारण दीड लाख डॉलर चोरले.

रात्रीचे पुढचे तीन तास

साडेआठला आम्ही पहिला उपाय केला. स्लॅश २२ चे चारही स्लॅश २४ स्वतःच जाहीर केले, म्हणजे तोही नेमका आणि आम्हीही तितकेच नेमके. त्याहून बारीक, स्लॅश २५, सांगून उपयोग नाही, बहुतेक नेटवर्कं स्लॅश २४ पेक्षा बारीक रूट घेतच नाहीत, नाहीतर राऊटरमधलं आधीच दहा लाखांच्या घरात गेलेलं रूटचं टेबल फुटेल. अ ने आमचे स्लॅश २४ लगेच घेतले. ब ने फेटाळले, कारण त्यांच्या फिल्टरमध्ये आमच्या नावावर फक्त स्लॅश २२ लिहिलेला, बदलायचा तर तिकीट टाका, लेटरहेडवर पत्र द्या. मी तिकीट टाकलं. चवथीच्या आदल्या रात्री ते कोण उघडणार.

तरी अ मुळे बरंच सुधारलं. दोघंही सारखेच नेमके असले की जवळचा जिंकतो, त्यामुळे भारतातली बहुतेक नेटवर्कं आमच्याकडे परतली. नऊला बाईंना फोन केला, बँकेचं ॲप उघडलं म्हणाल्या. साखळीत एक मुलगी आहे, अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचं बिलिंगचं काम घरून रात्रपाळीत करते, तिचं व्हीपीएनही लागलं. पण जगाचा बराच भाग अजून त्या अनोळखी नेटवर्कलाच जवळचा समजत होता.

मग दुसरा उपाय, आरपीकेआय. यात पत्ते देणारी रजिस्ट्री, आपल्याकडे आयआरआयएनएन, पत्त्यांच्या मालकाला डिजिटल सही करून लिहून ठेवू देते की हे पत्ते फक्त अमुक एएसनेच जाहीर करावेत. या नोंदीला रोआ म्हणतात. जगातली बरीच मोठी नेटवर्कं आलेला प्रत्येक रूट रोआशी ताडून बघतात आणि जुळला नाही तर टाकून देतात. आमचा रोआ नव्हता. दोन वर्षं माझ्या वहीत "रोआ करणे" असं लिहिलेलं होतं. रोआच नाही म्हटल्यावर तपासणाऱ्यांकडेही तपासायला काही नव्हतं, त्यांनी तो खोटा रूट "माहीत नाही" या खात्यात घालून पुढे पाठवला. ही चूक पूर्ण माझी.

नऊ वीसला पोर्टलवर रोआ भरला. घाईत एक खाना रिकामा सोडला, कमाल लांबीचा. तो रिकामा ठेवला की अर्थ होतो फक्त स्लॅश २२ च खरा, त्याचा कुठलाही तुकडा खोटा. आणि आम्ही तासाभरापूर्वी स्वतःच चार तुकडे जाहीर केले होते.

पुढे काय झालं ते बघा, मला हे या प्रकरणातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. रोआ पसरायला वीस मिनिटांपासून तासभर लागतो, कारण प्रत्येक नेटवर्क आपापल्या वेळेने रजिस्ट्रीतून नोंदी ओढतं. दहाच्या सुमारास अ च्या राऊटरला आमचा रोआ मिळाला. अ तपासणी करतो. त्याने त्या अनोळखी माणसाचा स्लॅश २४ टाकून दिला, बरोबर, आणि आमचे स्वतःचे चारही स्लॅश २४ सुद्धा टाकून दिले. उरला आमचा स्लॅश २२. आता जी नेटवर्कं तपासणी करतात त्यांच्याकडे खोटा रूटही गेला, म्हणून स्लॅश २२ वरून सगळं आमच्याकडे सुरळीत यायला लागलं, बाईंची बँक त्यातच होती. पण जी तपासणी करत नाहीत त्यांच्याकडे खोटा स्लॅश २४ जिवंत आणि आमचा मेलेला. तिथे जे तासाभरापूर्वी परत मिळवलं होतं तेही गेलं. साखळीच्या मुलीचा फोन, दादा, परत तुटलं, माझी शिफ्ट जाईल. एकाच नोंदीने अर्ध्या जगात आम्हाला वाचवलं आणि अर्ध्या जगात बुडवलं, आणि कोण कुठल्या अर्ध्यात आहे हे ठरवणं आमच्या हातात अजिबात नाही.

सव्वादहाला चूक लक्षात आली, कमाल लांबी २४ केली. अकरापर्यंत आमचे तुकडे परत उभे राहिले, तपासणाऱ्या मोठ्या नेटवर्कांनी खोटा रूट आधीच टाकला होता, त्यामुळे तो पुढे पसरायच्या वाटाच कमी झाल्या. साखळीचं व्हीपीएन दहा चाळीसला लागलं होतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांच्या आत कळवायचा नियम आहे, तो मेल बाराच्या आधी टाकला. बाब मखराकडे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी, आरती चालू असताना, त्या परदेशी नेटवर्कचं उत्तर आलं, माफी मागितली होती. त्यांच्या माणसाने पत्त्यात एक आकडा चुकवला होता. बस. चोर नव्हता, हल्ला नव्हता. ब चा फिल्टर उघडायला मात्र आणखी तीन दिवस लागले.

मग सगळं पाडून नवंच का बांधत नाही

हा प्रश्न बाबांनी विचारला आणि तो अगदी रास्त आहे. धंद्यातल्या माणसाला वाटतंच की पाया चुकलाय तर पाया बदला.

एकदा बदललाही होता. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट, इंटरनेटचं आद्य रूप, जुन्या प्रोटोकॉलवरून टीसीपी-आयपीवर एका ठरलेल्या दिवशी गेलं. तेव्हा त्यावर काही शे मशीन होत्या आणि सांगणारं वरचं एक खातं होतं. आज असा दिवस ठरवणार कोण, आणि ऐकणार कोण?

कोऱ्या पाटीवर मांडायचे प्रयत्नही झालेत, आणि ते हलके नव्हते. अमेरिकेच्या एनएसएफने, संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या संस्थेने, २००५-०६ पासून पैसे घातले, २०१० मध्ये नेम्ड डेटा नेटवर्किंगसारख्या प्रकल्पांना, ज्यात पॅकेट पत्ता मागत नाही तर मजकुराचं नाव मागतं आणि मजकुरावरच सही असते. आमच्या प्रकरणाला सगळ्यात जवळचं आहे ते स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिचचं सायन, एड्रियन पेरिग यांच्या गटाने २००९ पासून घडवलेलं. त्यात नेटवर्कांचे गट असतात, प्रत्येक गटाचं स्वतःचं विश्वासाचं मूळ, वाटेच्या तुकड्यांवर सह्या, आणि कुठल्या वाटेने जायचं हे पाठवणारा निवडतो. बोर्ड्याची टपाल माझ्याकडे असं मधल्या कोणी ओरडून काहीच होत नाही, कारण वाट पॅकेटच्या आतच सहीसकट लिहिलेली. आमच्या रात्रीचा अपघात तिथे होऊच शकला नसता. आणि ते नुसतं कागदावर नाही, २०२१ पासून स्विस बँकांचं आपसातलं जाळं त्यावर चालतं.

पण ते तिथे का चाललं ते बघा. मोजक्या बँका, वर एक मध्यवर्ती बँक, आणि सगळ्यांना एकमेकांशीच बोलायचंय. डिचोलीच्या आयएसपीने उद्या सायन लावलं तर बाईंच्या फोनला ते कळत नाही, बँकेला कळत नाही, मधल्या अ ला कळत नाही. खर्च आज आणि फायदा सगळे आल्यावर, मग पहिला कोण येणार?

बीजीपीसेकचं, म्हणजे बीजीपीच्या सुरक्षित आवृत्तीचं, हेच झालं. २०१७ मध्ये स्टँडर्ड आलं, वाटेतला प्रत्येक एएस पुढच्याला सांगताना सही करतो. कागदावर आरपीकेआयपेक्षा कितीतरी भक्कम, कारण रोआ फक्त मूळ कोण ते सांगतो, मधली वाट खरी की खोटी ते नाही. कोणी आमचाच एएस नंबर शेवटी चिकटवून खोटी वाट जाहीर केली तर रोआला ती खरीच वाटते. तरी बीजीपीसेक कुठे दिसत नाही. वाटेतला एक जरी बिनसहीचा निघाला की साखळी तुटली, वर प्रत्येक रूटचा वेगळा अपडेट आणि प्रत्येकावर सह्यांची तपासणी, आमचा सेकंडहँड राऊटर तर त्याखाली झोपेल. आरपीकेआय अर्धवट आहे, पण एकट्याने केलं तरी त्याच रात्री थोडा फायदा देतं, म्हणून पसरतंय. २०२४ च्या मध्यात आयपीव्ही४ च्या निम्म्याहून जास्त रूटना रोआ मिळाले होते. आता एस्पा नावाची पुढची नोंद आकार घेतेय, त्यात आपले अपस्ट्रीम कोण ते सही करून सांगायचं, म्हणजे मधल्या वाटेचाही काही भाग ताडता येईल. तिच्यावर माझा जास्त विश्वास आहे, कारण ती छोट्यालाही एकट्याने भरता येते.

आयपीव्ही६ ची गोष्टही हेच दाखवते. १९९५ च्या डिसेंबरात पहिलं स्टँडर्ड, ३ फेब्रुवारी २०११ ला जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले आयपीव्ही४ पत्ते संपले, तरी ते रखडलं, कारण जुन्याशी थेट बोलता येत नाही आणि लावणाऱ्याला त्या दिवशी काही मिळत नाही. भारतात ते खरं पसरलं ते २०१६ नंतर, जेव्हा कोट्यवधी नव्या मोबाईल ग्राहकांना द्यायला आयपीव्ही४ होतेच कुठे. गरज स्वतःची होती. आज आपण यात जगात अगदी वरच्या देशांत आहोत. पण त्या रात्री युट्युब चाललं म्हणजे आयपीव्ही६ जास्त सुरक्षित असं कोणी समजू नका, तिथेही बीजीपी तोच. चुकलेली ओळ आयपीव्ही४ ची होती इतकंच.

आणि एक गोष्ट आमच्याबद्दलची. नवं काही आणायला अडथळा फक्त मोठ्या कंपन्या आणतात असं मला वाटायचं. आमची सीजीनॅटची पेटी टीसीपी, यूडीपी आणि आयसीएमपी हे तीन जुने प्रोटोकॉल एवढंच ओळखते. उद्या कोणी डेटा वाहून नेणारा उत्तम नवा प्रोटोकॉल आणला तर तो आमच्या रॅकमध्येच मरेल. अशा पेट्या जगभर आहेत, म्हणून तर २०२१ चं क्विक, डेटा नेणारा नवा प्रोटोकॉल, यूडीपीच्या आत बसून जातं, आणि २०१८ चं टीएलएस १.३, वेबवरच्या कुलुपाची नवी आवृत्ती, बाहेरून स्वतःला १.२ म्हणवून घेतं, नाहीतर मधल्या पेट्या त्याला अडवत होत्या. ती पेटी आम्ही हौसेने नाही घेतली, १,०२४ पत्त्यांत सहा हजार घरं बसवायची होती. पण अडथळा तो अडथळाच.

आता काय बदललं

रोआ आहेत, स्लॅश २२ चा आणि आयपीव्ही६ चाही. चारही स्लॅश २४ आम्ही आता कायम जाहीर करतो. रोआत तुकड्यांना परवानगी द्यायची आणि ते जाहीर करायचे नाहीत असं ठेवलं तर आमच्या नावाने दुसरा कोणी ते जाहीर करू शकतो. टेबलात आमच्यामुळे चार ओळी वाढल्या हे मला आवडत नाही, पण दुसरा चांगला मार्ग सापडला नाही.

आमच्या राऊटरवरही तपासणी लावली. मोठ्या हौसेने लावली आणि मग कळलं की आम्ही अपस्ट्रीमकडून डीफॉल्ट रूट, म्हणजे ज्याची वाट माहीत नाही ते सगळं वर पाठवायची वाट, घेतो, त्यामुळे खोटा रूट इथे टाकला तरी पॅकेट डीफॉल्टने वर जातं आणि वरचा तपासत नसेल तर चुकीच्याच घरी पोचतं. म्हणजे खरी तपासणी वरच्यानेच करायला हवी. ब ला आम्ही यासाठी तीन वेळा लिहिलंय. कराराच्या नूतनीकरणात बाबांनी ती अट म्हणून घातली, दरात थोडं जास्त द्यायला तयार झाले, याचा मला अभिमान आहे.

पोर्टलचा पासवर्ड आधी आम्हा तिघांत एकच होता, कागदावर. ३ जानेवारी २०२४ ला स्पेनमध्ये ऑरेंजच्या रजिस्ट्री खात्यात कोणीतरी कच्च्या पासवर्डमुळे घुसला आणि त्याने रोआच असे बदलले की त्यांचे खरे रूट जगाला खोटे वाटायला लागले, काही तास देशभरातल्या ग्राहकांचं नेट गेलं. ते वाचल्या दिवशी आम्ही तिघांची खाती वेगळी केली, फोनवर कोड येतो तो लावला. सहीची व्यवस्था आली म्हणजे सही ज्याच्या हातात तो आता नवा दरवाजा झाला, आणि आधी तो दरवाजाच नव्हता.

तक्रार घेणाऱ्या मुलीच्या टेबलावर एक कागद चिकटवलाय, फोन आला की बाहेरचा आयपी पहिला लिहा. बाईंचं पहिलं वाक्य, शेजारी चालतंय आणि माझ्याकडे नाही, मी तेव्हाच ऐकायला हवं होतं.

गेल्या महिन्यात आसपासचे चार छोटे ऑपरेटर आमच्या ऑफिसात बसले, सत्तरीतले दोन, पेडण्याचा एक, फोंड्याचा एक. चहा झाला, एकेकाचं पोर्टल उघडलं, कमाल लांबीचा खाना मी प्रत्येकाला बोट ठेवून दाखवला. तिघांचे रोआ तासाभरात झाले. पेडण्याच्या माणसाचे पत्ते त्याच्या अपस्ट्रीमचे, भाड्याचे, त्यामुळे सही तिकडच्याच हातात. त्याने तिथूनच त्यांना मेल लिहिला, अजून उत्तर आलेलं नाही. स्वतःच्या पत्त्यांसाठी अर्ज करायचा त्याचा विचार आहे, पण आता नव्या माणसाला जास्तीत जास्त स्लॅश २३ मिळतो, ५१२ पत्ते, आणि त्याच्याकडे अडीच हजार घरं आहेत. पुढच्या आठवड्यात मी पेडण्याला जाऊन त्याचं आयपीव्ही६ आधी चालू करून देणार आहे.